खोकले कापण्याची नोकरी

शाळेत मी जीवशास्त्र शिकवायचे, पण निवृत्तीआधीची शेवटची काही वर्षं मी मुख्यतः खोकले कापले. खोकले, शिंका, घसा खाकरणं, "मतलब", "जैसा कि मैंने अभी कहा" आणि दर दोन वाक्यांमागे येणारं "समझ में आया?" हे सगळं मी कॉम्प्युटरवर कापलं आणि फेकून दिलं. आमच्या शाळेचे पॉडकास्ट करायचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं. माहेरी कोल्हापूरला फोनवर हे सांगितलं, तेव्हा वहिनी जरा थांबून हळूच म्हणाली, "म्हणजे शिकवण्यातनं काढलं काय वन्सं तुम्हाला?" मी तिला खूप समजावलं. शेवटी ती म्हणाली, "असू दे, मी सांगत नाही कुणाला."

तर आधी हे प्रकरण काय ते सांगते, कारण वहिनीसारखे आणखीही असतील. शिक्षकानं पाठ एकदा बोलून ठेवायचा, मुलानं घरी मोबाइलवर हवा तेव्हा ऐकायचा, कळला नाही तर मागं नेऊन पुन्हा ऐकायचा. चित्र नाही, फळा नाही, फक्त आवाज. समजावून सांगायचं काम असं घरच्या घरी उरकलं, की वर्गातला वेळ विचारायला, वाद घालायला, करून बघायला मोकळा राहतो. कल्पना चांगलीच आहे. कल्पना सगळ्याच चांगल्या असतात, स्टाफरूममध्ये येईपर्यंत.

आमची शाळा लखनौ छावनीच्या कडेला. आमचे मिस्टर रेल्वेत. बदलीनं इथे आलो आणि बदल्या संपल्या तेव्हा वृंदावन योजना नावाच्या वसाहतीत घर घेऊन इथलेच झालो. शाळेत निम्मी मुलं फौजेतल्या लोकांची. वडिलांचं पोस्टिंग निघालं की मूल वर्षाच्या मधूनच उठून जायचं, दुसरं मधूनच येऊन बसायचं. एकाच्या वाट्याला पेशीचा धडा दोनदा यायचा, दुसऱ्याच्या एकदाही नाही. अशा मुलांसाठी पाठ ध्वनिमुद्रित करून ठेवावेत ही सूचना खरं तर रास्त होती. ती आणली आमच्या छोट्या प्रबंधकांनी. म्हणजे शाळा चालवणाऱ्या प्रबंधकांचे चिरंजीव. बाहेर शिकून आलेले, गोड बोलणारे आणि दर सोमवारी एक नवी कल्पना घेऊन येणारे. मीटिंगमध्ये त्यांनी पॉडकास्टचं उज्ज्वल भविष्य रंगवलं. सगळे माना डोलवत होते. मला ते जमत नाही. मी विचारलं, "पर करेगा कौन?"

लखनौत असं विचारू नये. सगळा स्टाफ अत्यंत आदरानं माझ्याकडे बघू लागला आणि हिंदीच्या बाई म्हणाल्या, "घाटगे मैडम से बेहतर भला कौन कर सकता है!" टाळ्यासुद्धा वाजल्या.

स्टुडिओ म्हणून मिळाली खेळाच्या सामानाची खोली. मोकळ्या खोलीत आवाज घुमतो आणि घुमणारा आवाज फार वेळ ऐकवत नाही, म्हणून भिंतींना काहीतरी मऊ लावावं लागतं. तिथे उड्या मारायच्या गाद्या होत्या, त्या उभ्या केल्या. उरलेल्या भिंतींवर घरच्या रजया टांगल्या. थंडी पडल्यावर मिस्टरांनी ट्रंक उघडली, तेव्हा त्यांना कळलं की आपली रजई नोकरीला लागलीय. पंखा बंद ठेवावा लागे, कारण रेकॉर्डिंगमध्ये तो भयंकर घरघरतो. लखनौचा मे महिना, बंद पंखा, चार भिंतींना रजया आणि मोज्यांचा वास, यात बसून माणसानं उत्साहानं शिकवायचं. त्यात छावनीतल्या बँडचा सराव नेमका आमच्याच वेळेला. माझा प्रकाशसंश्लेषणाचा पाठ आजही बिगुलाच्या साथीनं चालतो.

फळा काढून घेतल्यावर भल्याभल्यांची भंबेरी उडाली. गणिताचे पांडेजी पहिल्याच पाठात म्हणाले, "अब इसको उठाकर इधर ले आइए, और ये वाला इसके नीचे।" बोलताना समोरच्या गादीवर बोटानं लिहीत होते. मी थांबवलं. "पांडेजी, किसको उठाकर किधर?" ते वैतागले. "अरे मैडम, इसको!" आणि बोट पुन्हा गादीवर. दुसऱ्या पाठात बोलता बोलता एकदम थांबले आणि गरजले, "पीछे वाले! बातें बंद!" मागे फक्त हॉकीच्या स्टिक होत्या. ते कापायचं माझ्याकडून राहून गेलं, आणि पोरांनी तोच पाठ सगळ्यात जास्त ऐकला. एका मुलाची आई मला भेटली तेव्हा म्हणाली, "पांडेजी चिल्लाते हैं न मैडम, तो रोटी बेलते-बेलते मेरा भी हाथ रुक जाता है।"

हिंदीच्या बाईंची तऱ्हा वेगळी. श्रोत्यांचं स्वागत, त्यांची खुशाली, आजच्या प्रसन्न सकाळचं वर्णन आणि ऐकत असल्याबद्दल आभार, यातच त्यांचा पाठ संपत येई. "सीधे पाठ पर आइए ना," असं मी म्हटलं तर त्या दुखावल्या. "बिना दुआ-सलाम के? बच्चे क्या सोचेंगे?"

दुसऱ्यांना हसणं सोपं असतं. मी स्वतःचा पहिला पाठ घरी ऐकत होते, तर आतल्या खोलीतून लेक ओरडली, "मम्मी, ये कौन किसको डाँट रहा है?" मी हृदयाचे कप्पे समजावून सांगत होते. इतकी वर्षं लखनौत राहून आपली भाषा मऊ झाली अशी माझी समजूत होती. कसलं काय! रंकाळ्यावर भांडावं तसं माझं हृदय धडधडत होतं.

आता श्रीवास्तव सरांकडे येते. हे सगळं सांगायला बसले ते त्यांच्यासाठीच.

श्रीवास्तव सर भूगोलाचे. महानगर नावाच्या मोहल्ल्यात राहायचे, स्कूटरवरून यायचे, आणि त्यांचा आवाज असा खणखणीत की शेजारच्या वर्गात जीवशास्त्र शिकवता शिकवता मी मोसमी वाऱ्यांबद्दल बरंच शिकले. पॉडकास्टला सगळ्यात मोठा विरोध त्यांचा. "बच्चे सामने बैठे हैं मैडम," ते म्हणायचे, "और हम आवाज़ को डिब्बे में बंद करके उनके घर भेजें?" मी चिडायचे. म्हणायचे, मग तुम्ही बसा त्या गाद्यांच्या खोलीत आणि दाखवा करून. ते हात जोडून निघून जायचे.

मग त्यांचा आवाजच बसला. आधी सगळ्यांना वाटलं सर्दी आहे. ज्येष्ठमध झाला, काढे झाले, शेवटी डॉक्टरला दाखवलं. स्वरतंतूंवर गाठी. जन्मभर वर्गांमधून ओरडल्याचं हे फळ, असं डॉक्टर म्हणाले. बोलणं अगदी कमी करा, नाहीतर राहिलाय तोही आवाज जाईल. निवृत्तीला अजून काही वर्षं होती. सर स्टाफरूममध्ये मला एकटीला गाठून कुजबुजत म्हणाले, "घर बैठ गया तो करूँगा क्या, मैडम? मुझे और आता ही क्या है?" त्यांचे डोळे भरले होते. कुणाला असं बघितलं की मी कामाचं बोलते.

मी म्हटलं, "उन्हाळ्याच्या सुट्टीत थोडं थोडं रेकॉर्ड करू. सकाळी घसा बरा असतो तुमचा, तेव्हा या. पूर्ण वर्षाचे पाठ करून ठेवू. मुलं घरी ऐकतील." अर्थात हे सगळं हिंदीत, आणि माझ्या त्या डाफरणाऱ्या हिंदीत.

"फिर क्लास में मैं क्या करूँगा?"

"बैठिए."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू बाईला ऊन लागलंय. पण दुसऱ्या दिवशी थर्मास घेऊन हजर झाले.

ती सुट्टी आम्ही दोघांनी त्या भट्टीत काढली. सर दोनतीन वाक्यं बोलत, थांबत, कोमट पाण्याचा घोट घेत, पुन्हा बोलत. घरी बसून मी सगळे घोट आणि सगळी थांबणी कापून टाकी. नव्या संपादकाला शांतता दिसली की हात शिवशिवतो. जुलैत पहिला पाठ मुलांना गेला, तर दुसऱ्याच दिवशी पोरं म्हणाली, "मैम, सर को कोई ट्रेन पकड़नी थी क्या?" मग कळलं, वर्गात सर थांबत तेव्हा मुलं विचार करत, काहीबाही लिहून घेत. मी बसून सगळी शांतता पुन्हा जागच्या जागी लावली. कापण्यापेक्षा ते काम कितीतरी किचकट.

खरं भांडण मात्र दुसऱ्याच गोष्टीवरून झालं. प्रत्येक पाठाच्या शेवटी सर एक प्रश्न विचारत आणि म्हणत, "सोचकर आइए। मैं पूछूँगा।" उत्तर देत नसत. मी म्हटलं, "सर, पाठ पूरा होना चाहिए. उत्तर टाका." ते मान हलवत. बरं, प्रश्नही असे, की मोबाइलला विचारून उपयोग नाही. सकाळच्या प्रार्थनेला जानेवारीत ऊन डोळ्यांवर येतं, जुलैत का येत नाही? तुमच्या गल्लीतलं गटार कुठल्या दिशेला वाहतं, आणि तिकडेच का? मोबाइलला काय ठाऊक आमची प्रार्थना कुठल्या तोंडाची!

त्याहून कहर म्हणजे पुढचा पाठ ते सुरू करत तो असा: "शाबाश! पिछले सवाल का जवाब आप लोगों ने बिल्कुल सही दिया।" मे महिन्यात! शाळा बंद, पोरं मामाच्या गावी, आणि हे गादीला शाबासकी देतायत.

"आणि नाही दिलं त्यांनी उत्तर तर?"

"तो अगला पाठ भेजूँगा ही नहीं," सर शांतपणे म्हणाले. "जवाब डाल दूँ मैडम, तो बच्चे कल आएँगे क्यों?"

मी वाद सोडून दिला. घसा त्यांचा, प्रश्न त्यांचे. माझं काम खोकले कापायचं.

जुलैत मी त्यांच्या वर्गाबाहेर मुद्दाम उभी राहिले. बोलू न शकणारा मास्तर वर्ग कसा सांभाळतो ते मला बघायचं होतं. त्या दिवशीचा प्रश्न असा होता, की शाळेच्या मैदानाच्या पूर्वेकडच्या कोपऱ्यात पावसाचं पाणी सगळ्यात जास्त वेळ साचून राहतं. तो कोपरा सखल नाही, उलट जरा उंचच आहे. मग पाणी तिथेच का? सर खुर्चीत बसलेले. फळ्यावर काही नाही. एक पोरगी उठली. नाव काव्या, वडील फौजेत मेजर, आदल्याच महिन्यात दुसऱ्या गावाहून आलेली. म्हणाली, "सर, वहाँ बसें खड़ी होती हैं।"

सरांनी एक बोट वर केलं. म्हणजे, आणखी.

काव्या थांबली. मागून कुणीतरी म्हणालं, "तो? बस से पानी का क्या?" दोघांची जुंपली. सर बोट तसंच वर धरून ऐकत होते, इतकं मन लावून की मलाच आत जाऊन काहीतरी बोलावंसं वाटलं. मग काव्याच म्हणाली, "बसों से मिट्टी दब जाती है।" बोट वरच. "दबी मिट्टी में पानी नीचे नहीं जा पाता!" तेव्हा बोट खाली आलं. सरांनी मान डोलवली, आणि सगळा वर्ग पाऊस असताना मैदानात धावला, हातात पट्ट्या घेऊन, माती खणून बघायला. मला प्रिन्सिपलबाईंनी बोलावून विचारलं, हे काय चाललंय. मी म्हटलं, भूगोल.

जानेवारीत शाळेत एक फोन आला. काव्याचे वडील, मेजर तंवर. त्यांचं पोस्टिंग डोंगरात कुठेतरी. लेकीशी बोलायला विषय नसे म्हणून ते तिचे पाठ ऐकायचे. "मैडम, मैं यहाँ पहाड़ पर धूप में बैठा हूँ, और सुनता हूँ कि लखनऊ में कोहरे से हाथ को हाथ नहीं सूझता। सर पूछते हैं क्यों, और बताते नहीं! तीन दिन से मेरे जवान आपस में लड़ रहे हैं। जवाब दीजिए।" आवाज हुकमी होता. मी शेजारी बसलेल्या सरांना विचारलं. सर कुजबुजले, "कहिए, बिटिया से पूछें।"

पुढे काव्याच्या आईनं मला सांगितलं, की ही पोरगी फोनवर बापाशी "हूँ" आणि "ठीक है" यापलीकडे बोलत नसे. त्या दिवशी तिनं त्यांना जड थंड हवा खाली साचून लखनौत धुकं कसं धरतं ते समजावलं, आणि मेजरसाहेब बरोबर उत्तर देईपर्यंत सोडलं नाही. फोनवर बोट दिसत नाही, म्हणून ती "और?" म्हणत होती.

सर हे ऐकून दिवसभर खुशीत होते. आणि नेमकं त्याच सुमाराला छोट्या प्रबंधकांना नवी कल्पना सुचली.

त्यांनी हिशेब साधा मांडला. सरांचे वर्षभराचे पाठ आपल्याकडे आहेत, उत्तम आहेत, पालक खूश आहेत. सर वर्गात बोलत तर नाहीतच, नुसते बसतात. मग त्यांना कशाला त्रास द्यायचा? पाठ आहेतच, वर्गात शिस्त राखायला कुणी नवखं माणूस बसवलं की झालं. इथे हे सांगायला हवं, की लखनौत माणसाला काढून टाकत नाहीत, त्याचा सत्कार करतात. सरांना कुणी "जा" म्हटलं नाही. पालकसभेत आपल्याला शाल द्यायची आहे, एवढाच निरोप आला. सर काय ते समजले. मला म्हणाले, "आपने तो मेरी आवाज़ बचाई थी, मैडम। अब ये लोग कहते हैं आवाज़ बच गई, आदमी की क्या ज़रूरत।" हसत म्हणाले, आणि मला रडू आलं. त्यांच्यासमोर नाही. त्या गाद्यांच्या खोलीत जाऊन, दार लावून. आवाज बाहेर जाऊ नये अशी सोय मीच केली होती, ती कामी आली.

मी प्रिन्सिपलबाईंकडे जाऊन भांडले. त्या म्हणाल्या, "आप तो जानती हैं, ऊपर का निर्णय है।" छोट्या प्रबंधकांकडे गेले. त्यांनी चहा मागवला, माझ्या कामाचं तोंड भरून कौतुक केलं आणि सभेत पाठ वाजवायची जबाबदारी माझ्यावर सोपवली. भांडायला गेलेल्या बाईला चहा पाजून कामाला लावायचं, हे या गावाला फार छान जमतं.

सभेला हॉल भरला होता. सर तिसऱ्या रांगेत, नीट इस्त्री केलेल्या कोटात, मांडीवर हात ठेवून बसलेले. टेबलावर शाल. मी कोपऱ्यात लॅपटॉप आणि स्पीकर घेऊन. छोटे प्रबंधक बोलायला उठले. म्हणाले, श्रीवास्तवजींनी आयुष्यभर सेवा केली, आता त्यांनी विश्रांती घ्यावी, आणि आपण चिंता करू नये, कारण "सर की आवाज़ हमारे पास सुरक्षित है। सुनिए।" मला खूण केली. मी पाठ लावला. तो मातीचा, पाण्याचा.

खरंच सुंदर पाठ होता. सरांचा आवाज सकाळचा, जरा खरखरीत, सगळ्या थांबण्यांसकट. शेवटी तो मैदानाच्या कोपऱ्याचा प्रश्न आला, आणि "सोचकर आइए। मैं पूछूँगा।" पाठ संपला.

आणि सगळा हॉल मान वळवून तिसऱ्या रांगेकडे बघू लागला.

सर कावरेबावरे झाले. छोटे प्रबंधक हसून म्हणाले, "जवाब अगले पाठ में होगा। मैडम, अगला लगाइए।"

पुढे काय आहे ते मला पाठ होतं. उन्हाळ्यात मी त्यावरच भांडले होते. पण मला सांगितलं होतं पाठ वाजवायला, मी वाजवला. आज्ञाधारकपणा म्हणून कधी कधी मीही दाखवते.

"शाबाश!" स्पीकरमधून सर म्हणाले. "पिछले सवाल का जवाब आप लोगों ने बिल्कुल सही दिया। अब आगे चलते हैं।"

आधी पोरं हसली, मग आया हसल्या. छोटे प्रबंधक म्हणाले, "कोई बात नहीं, उसके आगे वाला—" मी त्याच्या पुढचा लावला. "शाबाश!" त्याच्याही पुढचा लावला, कुणी सांगितलं नव्हतं तरी. "शाबाश!" हॉलमध्ये हसण्याचा नुसता गदारोळ. तेवढ्यात मागच्या बाजूला एक उंच गृहस्थ उभे राहिले. साध्या कपड्यात होते, पण उभे राहिले तसे सगळे गप्प झाले. मेजर तंवर, सुट्टीवर आलेले.

"एक बात पूछनी थी," ते म्हणाले. "पाठ तो स्पीकर सुना देगा। मेरी बेटी का जवाब कौन सुनेगा? ये स्पीकर?"

छोट्या प्रबंधकांनी स्पीकरकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी लॅपटॉपमध्ये काहीतरी अतिशय महत्त्वाचं शोधत होते. पाठोपाठ काव्या उठली, मग तिचा वर्ग, आणि सगळे एकदम बोलू लागले. कुणी म्हणे गटाराचं उत्तर अजून बाकी आहे, कुणी म्हणे आमचं चुकलंय, सरांनी सोमवारी पुन्हा यायला सांगितलंय.

छोटे प्रबंधक गडी हुशार. क्षणात सूर बदलला. "अरे, हमने तो बस सर के आराम की फ़िक्र की थी! फ़ैसला तो सर का ही है।" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सर उठले. बोलायचा प्रयत्न केला, आवाज फुटला नाही; घशामुळे की कशामुळे, कोण जाणे. त्यांनी नुसते हात जोडले आणि मान नकारार्थी हलवली. शाल पुन्हा कपाटात गेली.

त्यानंतर छोट्या प्रबंधकांनी एकदा कॉम्प्युटरकडूनच उत्तरं लिहून घेतली. आजकाल तो विचाराल ते सांगतो. पाणी का साचतं, तर तो कोपरा सखल आहे म्हणून, असं त्यानं ठणकावून सांगितलं. सखल नाही असं प्रश्नातच म्हटलंय, तरी. पोरांनी तो कागद वर्गात लावला आणि त्यावर लाल पेनानं एक बोट काढलं.

सर आपल्या खऱ्या तारखेला निवृत्त झाले. शाल तीच, फक्त आता डांबरगोळ्यांचा वास येत होता. त्याआधी शाळेनं त्यांना फार अदबीनं विनंती केली, की जाण्यापूर्वी तेवढी उत्तरं रेकॉर्ड करून द्यावीत. मला वाटलं नाही म्हणतील. ते थर्मास घेऊन आले. मी गाद्या सरळ केल्या, पंखा बंद केला. आता त्यांचा आवाज म्हणजे नुसता श्वास उरला होता. त्यांनी मैदानाच्या कोपऱ्याचा प्रश्न पुन्हा विचारला. मग म्हणाले, "हाँ, बोलिए। मैं सुन रहा हूँ।"

आणि गप्प बसले. माइकसमोर एक बोट वर धरून.

पांडेजींना हसले होते मी, गादीवर बोटानं लिहितात म्हणून. या वेळी हसू आलं नाही. बाहेर बँडचा सराव चालू होता, कुठेतरी मोर ओरडला. सर ऐकत होते. किती वेळ गेला मी बघितलं नाही. शेवटी त्यांनी मला मानेनं खूण केली, बस. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर त्यांनी असंच रेकॉर्ड केलं, एका सकाळी एक. त्यातलं मी काहीही कापलं नाही. मोर नाही, बिगुल नाही, मधे आलेला खोकलासुद्धा नाही.

आठवड्याभरानं छोट्या प्रबंधकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. कानाला हेडफोन. "मैडम, लगता है फ़ाइलें ख़राब हो गईं। शुरू में सवाल है, फिर कुछ है ही नहीं।"

"है," मी म्हटलं. "सर सुन रहे हैं।"

लखनौचा माणूस "बाई, तुम्हाला वेड लागलंय" असं तोंडावर म्हणणार नाही. त्यांनी हेडफोन पुन्हा नीट लावला आणि पाठ पहिल्यापासून सुरू केला. मी समोर उभी. खिडकीतून मैदान दिसत होतं, रात्री पाऊस झाला होता, आणि पूर्वेच्या कोपऱ्यात शाळेच्या नव्या बसगाड्या पाण्यात उभ्या होत्या. ते बराच वेळ ऐकत राहिले. मग त्यांची नजर खिडकीबाहेर गेली. हेडफोन न काढताच, वर्गात उभं केल्यासारखे हळूच म्हणाले, "वहाँ... बसें खड़ी होती हैं?"

मी एक बोट वर केलं.